अरुणाची जागा

कोणार्क पाहायचं तर सूर्योदयालाच, हा हट्ट आईचा. रथसप्तमीला ती अजूनही पाटावर रक्तचंदनानं रथ काढते, पुढे ओळीनं सात घोडे, वर सूर्यनारायण, आणि अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यातलं दूध उतू घालवते. सूर्याच्या देवळात भर दुपारी जाणं म्हणजे यजमान जेवून आडवा झाल्यावर त्याचं दार वाजवणं, असं तिचं म्हणणं. पुरीहून सहलीच्या बसगाड्या निघतात त्या सकाळी उशिरा. म्हणून आम्ही दोघींपुरती वेगळी गाडी ठरवली आणि कोणार्कजवळच्याच गावातले एक परवानाधारक गाइड. फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: सूर्योदय समुद्रावर बघायचा की देवळात? दोन्ही एका सकाळी जमत नाही. बहुतेक लोक समुद्र निवडतात. आईनं क्षणाचाही विचार न करता देऊळ म्हटलं.

पुरी ते कोणार्क 35 किलोमीटरचा रस्ता समुद्राला धरून, बालुखंडच्या अभयारण्यातून जातो. दोन्ही बाजूंना सुरूची बनं. वाळू आणि खारा वारा अडावा म्हणून ती मुद्दाम वाढवलेली आहेत. 2019 च्या मे महिन्यात फनी वादळ पुरीजवळ जमिनीवर आलं, तेव्हा यातली असंख्य झाडं एका सकाळीत आडवी झाली. गाडीच्या दिव्यांत मधूनच बुटक्या, कोवळ्या झाडांची रांग दिसे आणि तिच्यामागे एकदम मोकळं आभाळ. गाइड पुढच्या सीटवर बसून आईशी हिंदीत बोलत होते. तिला ते ‘मा’ म्हणत, तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. आम्ही नागपूरच्या, महाल या जुन्या वस्तीतल्या, हे त्यांनी सुरुवातीलाच विचारून घेतलं होतं.

वाटेत चंद्रभागेचा किनारा लागला तेव्हा अजून अंधार होता. आमच्या घरात वारी आहे. चंद्रभागा म्हटल्याबरोबर आई सावरून बसली आणि काचेतूनच हात जोडले. इथली चंद्रभागा नदी केव्हाच आटून गेली. उरला तो किनारा आणि कथा. कृष्णाचा मुलगा सांब याला शापानं कुष्ठ झालं, त्यानं इथे स्नान करून सूर्याची आराधना केली आणि तो बरा झाला, ही ती कथा. माघ शुद्ध सप्तमीला पहाटे इथे मोठी यात्रा भरते. हजारो माणसं थंडीत पाण्यात उतरून सूर्य उगवायची वाट पाहतात. म्हणजे आई ज्या दिवशी अंगणात दूध उतू घालवते, त्याच दिवशी, त्याच वेळी. तिला हे माहीत नव्हतं. कळल्यावर ती बराच वेळ बोलली नाही.

सहाला आत सोडतात. आमच्याशिवाय फक्त बागेत झाडलोट करणारे दोघे-तिघे आणि पांढऱ्या साड्यांतला बंगाली बायकांचा एक गट होता. पूर्वेकडून आत जाताना आधी नटमंदिर लागतं. त्याच्या पायऱ्यांशी दोन गजसिंह आहेत, सिंहाखाली हत्ती आणि हत्तीखाली माणूस. नटमंदिराचं छप्पर गेलंय, खांब उभे आहेत, आणि प्रत्येक खांबावर नर्तकी, मृदंग वाजवणाऱ्या, टाळ धरलेल्या, पाय उचललेल्या. मला तिथे थांबायचं होतं. गाइडनी थांबू दिलं नाही. ‘आधी जागेवर चला, सूर्य थांबणार नाही,’ म्हणाले, आणि आम्हाला जगमोहनाच्या, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या सभामंडपाच्या, पूर्वेकडच्या पायऱ्यांसमोर नेऊन उभं केलं.

समोर तो प्रचंड पिरॅमिडसारखा जगमोहन. जे उभं आहे तेच सुमारे 39 मीटर उंच आहे. त्याच्या मागे मुख्य देऊळ, ज्याला ओडिशात देउळच म्हणतात, ते सुमारे 70 मीटरपर्यंत जात असावं असा अंदाज आहे. ते आता नाही. जगमोहनाच्या मागे नुसतं आकाश. पूर्व गंग घराण्याच्या नरसिंहदेव पहिला याच्या काळात, 1250 च्या सुमारास हे बांधलं गेलं. अख्खं देऊळ म्हणजे सूर्याचा रथ. जोत्याला 24 चाकं, पुढे सात घोडे.

‘यहाँ अरुण स्तंभ था,’ गाइड म्हणाले.

अरुण म्हणजे सूर्याचा सारथी. तो आधी येतो, मग सूर्य. म्हणून देवळासमोर, सूर्यापुढे, एका उंच खांबावर त्याला बसवलं होतं. काळसर हिरव्या क्लोराइट दगडाचा, एकाच शिळेतून घडवलेला, सोळा बाजूंचा खांब, उंची सुमारे 10 मीटर, आणि माथ्यावर हात जोडून बसलेला अरुण. आईला शाळेतलं सुभाषित आठवलं. रथाला चाक एकच, घोड्यांना लगाम सापांचे, वाट निराधार आणि सारथी पायांनी पांगळा, तरी सूर्य रोज आकाश ओलांडतो. ती ते अर्धं संस्कृतात, अर्धं मराठीत म्हणत होती. मग तिनं विचारलं, ‘कौन ले गया?’

गाइड क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, ‘मराठा लोग, मा. नागपूर के भोंसले के राज में.’

आम्ही महालातल्या आहोत हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ते वाक्य गिळलं नाही, उगाच गोडही केलं नाही. याबद्दल मला त्या माणसाविषयी मोठा आदर वाटतो.

त्याच सुमाराला सूर्य आला. हिवाळ्यात तो ठीक पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेकडे सरकलेला असतो. त्यामुळे ऊन समोरच्या दारावर सरळ न पडता देवळाच्या डाव्या, म्हणजे दक्षिणेच्या अंगाला आधी पोचतं. जगमोहनाचा माथा लालसर झाला, मग त्या माथ्याच्या टप्प्यांवर उभ्या असलेल्या वादक स्त्रिया उजळल्या. माणसापेक्षा मोठ्या आहेत त्या, कुणाच्या हातात ढोल, कुणाच्या झांजा. एरवी खालून त्या नुसत्या आकृत्या वाटतात. त्या उन्हात त्यांचे ओठ दिसले, गालावरचा भरीवपणा दिसला, मान किंचित कललेली दिसली. जवळजवळ आठशे वर्षं ही मंडळी सूर्यासाठी वाजवताहेत. आणि खाली, जिथे पहिला किरण अरुणाच्या जोडलेल्या हातांवर पडायचा, तिथे आम्ही दोघी उभ्या होतो. मला तिथून बाजूला व्हावंसं वाटलं आणि मी झाले.

दक्षिणेच्या अंगानं आम्ही चालू लागलो. पायऱ्यांना लागून घोडे आहेत, म्हणजे होते. कुणाचं धड उरलंय, कुणाचे उचललेले पाय. पण त्या मोडक्या अंगातही ओढ आहे. मानेच्या शिरा ताणलेल्या, अंगावरचा साज जागच्या जागी. आणि मग चाकं. दहा रुपयांच्या नव्या नोटेवर जे चाक आपण रोज हाताळतो, ते समोर सुमारे तीन मीटर व्यासाचं उभं असतं, तेव्हा नोटेवर त्याचं काहीच आलेलं नाही हे कळतं. आठ जाड आरे, मध्ये आठ बारीक. जाड आऱ्यांच्या मध्यावर गोल पदकं आणि प्रत्येक पदकात वेगळं चित्र. तुंबा बाहेर आलेला, आसाला खीळ मारलेली. दगडाच्या चाकाला खिळीची काय गरज? पण ज्यांनी हे घडवलं त्यांनी खरा रथ जवळून पाहिला होता, चाक निसटतं कसं ते त्यांना ठाऊक होतं, आणि सूर्याचं चाक निसटून चालणार नव्हतं. मला ती खीळ फार आवडली. कोणार्कमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ कशापुढे घालवला असेल, तर त्या खिळीपुढे.

गाइडनी खिशातलं पेन काढून तुंब्याशी धरलं. पेनाची सावली काठावरच्या मण्यांवर पडली. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, जाड आणि बारीक आऱ्यांमध्ये दीड तास, त्यातला एकेक मणी तीन मिनिटांचा, असा त्यांचा हिशेब. बांधणाऱ्यांनी हे घड्याळ म्हणूनच योजलं होतं का, यावर वाद घालता येईल. पण त्या सकाळी सावली मण्यावर होती आणि आईच्या मनगटावरच्या घड्याळाशी ती बऱ्यापैकी जुळत होती. आई खूश झाली. मीही झाले.

जोत्याच्या पट्ट्यांवर खाली हत्तींची रांगच रांग. शिकार, मुक्काम, बैलगाड्या, डोक्यावर चूल-भांडी घेऊन निघालेली कुटुंबं, निरोप घेणारी म्हातारी. एका ठिकाणी हत्तीवर बसलेल्या राजापुढे परदेशी वेषातली माणसं जिराफ घेऊन उभी आहेत. ओडिशाच्या किनाऱ्यावरून जहाजं किती लांबवर जा-ये करत, हे सांगायला तो एक जिराफ पुरतो. मिथुनशिल्पं सगळीकडे आहेत, त्यांच्याबद्दल फार लिहिलं गेलंय. आई त्यांच्यापुढूनही तितक्याच सावकाश चालली. ‘सगळा संसारच कोरलाय की,’ एवढंच म्हणाली.

दगडाबद्दल मात्र सांगायला हवं. इथे तीन जातींचे दगड आहेत. पायात आणि भिंतींच्या गाभ्यात जांभा, दारांच्या चौकटी आणि मूर्तींना क्लोराइट, आणि बाकी सगळ्या अंगाला खोंडालाइट. हा खोंडालाइट कोरायला सोपा, पण जात्याच सच्छिद्र. खारा वारा आणि पावसाचं पाणी आत शिरतं, दगडाचे कण सुटतात, आणि चेहरा हळूहळू नाहीसा होतो. शिवाय चिरे एकमेकांना धरून राहावेत म्हणून लोखंडी आकडे घातलेले. ते गंजले की फुगतात आणि चिरा फुटतो. म्हणूनच क्लोराइटची दारचौकट आज घडवल्यासारखी तुकतुकीत आणि तिच्या शेजारची नर्तकी नाकडोळ्यांवाचून, असं दृश्य जागोजाग दिसतं. जिथे कोरीव दगड पूर्ण गेला, तिथे पुरातत्त्व खात्यानं साधा, सपाट चिरा बसवलाय. पुष्कळांना ते ठिगळ वाटतं. मला ते योग्य वाटतं. तेराव्या शतकातल्या कारागिराचा हात कुठवर आहे आणि कुठे थांबला, हे बघणाऱ्याला स्वच्छ कळलं पाहिजे.

दक्षिणेकडे, पडलेल्या देउळाच्या अंगाला, वर कोनाड्यात सूर्याची पहिली मूर्ती आहे. क्लोराइटमधली, उभी, पायात बूट, कमरेला पट्टा. हा प्रभातसूर्य. पश्चिमेला माध्यान्हीचा. उत्तरेला मावळतीचा, तो घोड्यावर बसलेला. गाइड म्हणतात बालपण, तारुण्य, म्हातारपण. त्यांनी मावळतीच्या सूर्याचा घोडा दाखवला. दिवसभर धावून दमलेला. आईनं विचारलं, ‘आणि गाभाऱ्यातला?’ गाभाऱ्यातली मूर्ती नाही. गाभाऱ्यावर छप्परही नाही. देउळ कोसळलं तसं आतलं सगळं उघडं पडलं.

ते कसं कोसळलं, याच्या कथा पुष्कळ. माथ्यावर मोठा लोहचुंबक होता, तो जहाजांची होकायंत्रं बिघडवायचा, म्हणून खलाशांनी तो काढून नेला आणि देऊळ ढासळलं, ही सगळ्यात लाडकी. सोळाव्या शतकातल्या काळापहाडच्या, म्हणजे बंगालच्या सुलतानाच्या सेनापतीच्या, स्वारीचं नावही घेतात. युरोपी खलाशी या देवळाला ‘काळा पॅगोडा’ म्हणत आणि पुरीच्या जगन्नाथाला ‘पांढरा’. किनाऱ्याच्या खुणा म्हणून त्यांना दोन्ही हवे होते, तेव्हा चुंबकाच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आइन-ए-अकबरी’त या देवळाचं भरभरून वर्णन केलंय, ओडिशाचा बारा वर्षांचा महसूल यावर खर्च झाला असं लिहिलंय. पुढे पूजा थांबली. पूजा थांबली की दुरुस्ती थांबते, भेगांत पिंपळ उगवतो, आणि वाळूच्या प्रदेशातलं एवढं वजनाचं बांधकाम आपल्याच भारानं खचू लागतं. 1837 मध्ये वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन इथे आला तेव्हा देउळाचा एक कोपरा अजून उंच उभा होता, त्यानं त्याचं चित्र काढलं. 1848 च्या वादळात तोही गेला.

जगमोहन वाचला, पण कसा, ते पाहायचं तर त्याच्या दारापुढे उभं राहावं. दार चिरेबंदी करून टाकलंय. वर शिलालेख आहे, इंग्रजीत. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर जे. ए. बूर्डिलाँ यांच्या आज्ञेवरून 1903 मध्ये आतला भाग भरून टाकण्यात आला, या अप्रतिम वास्तूच्या जतनासाठी. आत वाळू आणि दगड आहेत. चारी दारं बंद. छप्पर आत ढासळू नये म्हणून केलेला हा उपाय त्या काळात बहुधा अटळ होता, आणि त्यानं जगमोहन आजवर उभा राहिला. आता ती वाळू सुरक्षितपणे बाहेर काढायचं पुरातत्त्व खात्यानं मनावर घेतलंय. पण त्या सकाळी त्या दारापुढे मला जे जाणवलं ते वेगळंच होतं. ज्या वास्तूची सगळी मांडणी उगवतीच्या किरणासाठी केली, नटमंदिर, मग जगमोहन, मग गाभारा, सगळं एका रेषेत, तिथे एकशेवीस वर्षांहून अधिक काळ ऊन दारापर्यंत येतं आणि दगडाला लागून थांबतं. गाभाऱ्यात देव नाही, मंडपात वाट नाही, दारापुढे अरुण नाही. सूर्य मात्र वेळेवर येतो.

पूर्वेच्या दारावरची नवग्रहांची शिळाही जागेवर नाही. सुमारे वीस फूट लांबीचा क्लोराइटचा तो अखंड दगड. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो कलकत्त्याला न्यायचं ठरवलं. वजन कमी व्हावं म्हणून मागची बाजू कापून वेगळी केली, समुद्राच्या दिशेनं काही अंतर ओढलाही, आणि मग तिथेच सोडून दिला. आता तो देवळाच्या आवाराशेजारी एका शेडमध्ये आहे. कोणार्कमध्ये पूजा चालते ती तिथे. आम्ही गेलो तेव्हा पुजारी नुकतीच फुलं वाहत होते. शनीपुढे दिवा होता. ग्रहांच्या ओठांवर सकाळचं ऊन आणि शेंदूर. आईनं ओंजळभर फुलं वाहिली, प्रत्येक ग्रहाचं नाव घेतलं, राहू-केतूशी जरा घुटमळली. बाहेरची बंगाली मंडळी तोवर आत आली, आणि एका आजीनं आईला हाताला धरून पायरी उतरवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

शेडबाहेर चहा घेताना गाइडनी धर्मपदाची गोष्ट सांगितली. ओडिशात ती प्रत्येक मुलाला ठाऊक असते. बाराशे कारागीर, बारा वर्षं काम, मुख्य स्थपती बिशू महाराणा, आणि कळस काही केल्या बसेना. राजाची मुदत संपत आली. स्थपतीचा मुलगा, ज्यानं बापाला कधी पाहिलंच नव्हतं, त्याला शोधत आला आणि एका रात्रीत कळस बसवून मोकळा झाला. पण मोठ्यांना जे जमलं नाही ते पोरानं केलं हे राजाला कळलं तर बाराशे जणांचं काय, म्हणून त्यानं देवळावरून समुद्रात उडी घेतली. सांगताना गाइडचा आवाज बदलला. गोष्ट पुष्कळदा सांगितलेली असणार, तरीही. आई म्हणाली, ‘बारा वर्षांचं पोरगं!’ आणि चहा तसाच ठेवला. मला वाटतं, या कथेत नरसिंहदेव फार लहान होतो. बाराशे कारागिरांचं हे ओझं लोकांनी इतकी शतकं मनात वागवलं, म्हणून ती टिकली.

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. माझ्या डोक्यात भोसले होते.

ज्या वाड्यांच्या, चौकांच्या सावलीत मी वाढले, त्या नागपूरच्या भोसल्यांचा इतिहास आम्हाला शाळेत पराक्रमाचा म्हणून शिकवला, आणि तो पराक्रमाचा आहेही. पहिल्या रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, 1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह झाला आणि ओडिशा नागपूरकरांकडे आला. 1803 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्याच वर्षी देवगावच्या तहानं दुसऱ्या रघूजींनी कटक सोडलं. मधली पन्नासेक वर्षं कटकच्या बाराबाटी किल्ल्यावर नागपूरचा अंमल होता. त्या काळात जगन्नाथाच्या पूजेअर्चेला राजाश्रय मिळाला, यात्रा चालू राहिल्या. यात्रेकरूंकडून करही घेतला गेला. आणि त्याच काळात, अठराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात, एका मराठी गोसाव्यानं कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला नेऊन जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभा केला.

हे लुटीसाठी केलं नाही, हे मला पटतं. ओसाड पडलेल्या देवळापुढचा खांब वाळूत गाडला जाण्यापेक्षा जागत्या देवापुढे उभा राहावा, अशी त्या माणसाची भावना असणार. त्यात भक्ती होती. कदाचित त्यामुळेच तो खांब आज शाबूत आहे. ओडिशातल्याच खुर्द्याच्या राजांनीही कोणार्कमधून दगड आणि मूर्ती नेल्या, आजूबाजूच्या लोकांनी नेल्या, इंग्रजांनी न्यायचा प्रयत्न केला. पण म्हणून आपलं नाव त्या यादीतून गळावं, असं नाही. आपण गड-किल्ल्यांच्या एकेका चिऱ्यासाठी हळहळतो, कुणी कुठला दगड कुठे नेला याचे हिशेब मांडतो. तोच हिशेब कोणार्कपाशी उलटा येतो, आणि तो आपण मांडला पाहिजे. सूर्याच्या सारथ्याला आपल्या माणसांनी सूर्यापुढून उचललं. ज्याला पाय नाहीत असा सारथी, त्याला 35 किलोमीटर वाहून नेलं. यात मला खंत वाटते, आणि ती खंत भोसल्यांविषयीच्या माझ्या अभिमानाशेजारी राहू शकते. एकानं दुसऱ्याला बाहेर काढायची गरज नाही.

खांब परत कोणार्कला न्यावा का? गाइडना मी हे विचारलं. ते नाही म्हणाले, लगेच. अडीचशे वर्षांच्या आसपास तो पुरीत आहे, आता तो जगन्नाथाचा आहे.

संध्याकाळी आम्ही सिंहद्वाराशी गेलो. बडदांडावर, म्हणजे देवळापुढच्या रुंद रस्त्यावर, नेहमीची गर्दी, दिवेवाल्या बाया, पंड्यांच्या हाका. खांब ऐन दारासमोर आहे, माथ्यावर अरुण, तोंड जगन्नाथाकडे. येणारा-जाणारा त्याला हात लावून हात कपाळाला नेतो. कितीक पिढ्यांच्या हातांनी क्लोराइट खालच्या बाजूला गुळगुळीत झालाय. एक बाई बाळाचं डोकं त्याला टेकवत होती. तिला कोणार्कशी काही घेणं नव्हतं, आणि का असावं? आईनंही हात लावला. मग आमच्या पंड्याला तिनं विचारलं, हा इथे कुणी आणला. ‘प्रभूंची इच्छा,’ पंडा म्हणाला. आईचं समाधान झालं नाही. तिनं त्याला नागपूरचं नाव सांगितलं, गोसाव्याचं सांगितलं, कोणार्कच्या पायऱ्यांपुढची जागा सांगितली. सकाळी जे ऐकलं ते सगळं, मोडक्या हिंदीत, त्या गर्दीत उभं राहून. पंडा आधी वाट पाहत होता, मग ऐकू लागला, आणि शेवटी त्यानं विचारलं, ‘वहाँ अब क्या है?’

देवळाच्या आवारातल्या आनंदबाजारात महाप्रसाद घेताना, केळीच्या पानावर भात आणि डाळमा कालवत, आईचं तेच चाललं होतं. त्या पायऱ्यांसमोर एक पाटी तरी हवी. इथे अरुण होता, तो आता पुरीत आहे, कुणाच्या राज्यात नेला, केव्हा नेला. आम्हाला तशी पाटी दिसली नव्हती. घरी आल्यावर मी पुरातत्त्व खात्याला तसं पत्र लिहिलं, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. पाटीवर नागपूरकर भोसल्यांचं नाव स्पष्ट असावं, हे वाक्य आईनं घालायला लावलं, आणि खाली माझ्या सहीशेजारी तिचीही सही आहे.